धूर वल्द चूल, हाजिर है!

पाथर्डीला बिऱ्हाड केलं त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी चहाचं आधण ठेवत होते आणि भिंतीपलीकडून आरोळी आली, "धूर वल्द चूऽऽल, राहणार सैपाकघर, हाजिर हैऽऽऽ!"

माझ्या हातून साखरेचा डबा सुटला. तेवढ्यात दुसरी आरोळी. मग तिसरी. मग खोकल्याची एक लांबलचक उबळ, आणि त्यामागून एका बाईचा थकलेला आवाज, "आलाय त्यो हाजर. व्हा आता भाईर."

"अहो, शेजारी काय कोर्ट भरतं का?" मी ह्यांना विचारलं.

"कोर्ट नाही. बेलीफ. रिटायर झालाय," हे म्हणाले आणि दुसऱ्या गालाला साबण लावला. आमचे हे दुष्काळी कामांवर ओव्हरसियर. दिवसभर खडी मोजून मोजून ह्यांची वाक्यंसुद्धा खडीएवढी झालेली. जास्त माहिती हवी असेल तर ती आपली आपण काढायची, असा आमच्या संसाराचा रिवाज होता.

मी ती काढली. शेजारचे नाना बेलीफ म्हणजे तालुक्याच्या कोर्टाचे माजी बेलीफ. समन्स घरोघर नेऊन बजावायचं, डिक्री झाली की जप्तीला जायचं, आणि कोर्टाच्या दारात उभं राहून वादी-प्रतिवादींच्या नावानं आरोळ्या ठोकायच्या, असा त्यांचा जन्म गेलेला. सरकारनं त्यांना पेन्शन दिली आणि घरी पाठवलं, पण पितळी बटणांचा खाकी कोट परत मागायला सरकार विसरलं. तिथंच सगळा घोटाळा झाला. तो कोट अंगावर आहे तोवर आपण नोकरीत आहोत, अशी नानांची पक्की समजूत होती. वैशाखाच्या उन्हात, जेव्हा गावातली कुत्रीसुद्धा सावली सोडत नसत, तेव्हा नाना गळ्यापर्यंत बटणं लावून ओट्यावर बसलेले असत. कोट धुवायचे तेही स्वतः. बायकोला हात लावू देत नसत.

बायकोला ते 'अशील' म्हणत. "आमच्या अशिलाचं म्हननं असं हाय, की डाळ संपली." भाकरीला उशीर झाला तर "मुदत टळली". भाजी आवडली नाही तर ताटावरून "हरकत!" असा आवाज यायचा, आणि आतून शेवंताआक्कांचं उत्तर यायचं, "नामंजूर. गिळा." पस्तीस-चाळीस वर्षं कोर्टाच्या पायरीवर काढलेल्या माणसाशी संसार करून आक्कांनाही तेवढा कायदा आलेला होता.

आता धुराचं सांगते. नानांचं घर धाब्याचं. स्वयंपाकघर मागं, काळोखं, आणि धूर जायला छतात वाटीएवढं एक साणं. वर दुष्काळ. चांगलं जळण कुणाच्या नशिबी नव्हतं. ओल्या बाभळीच्या फांद्या, कुजकी चिपाडं, मिळेल ते चुलीत. आक्कांचे डोळे सदा लाल, सदा पाझरते. नगरला डॉक्टरला दाखवलं तर त्यानं सांगितलं, धूर बंद करा, नाहीतर या डोळ्यांचं काही खरं नाही. बस्स. नानांनी त्याच दिवशी धुरावर दावा लावला.

"वैनी, ह्यो धूर म्हंजी आमच्या घरातला बेकायदा कब्जेदार हाय," पहिल्या ओळखीतच त्यांनी मला सांगितलं. "भाडं देत न्हाई, सांगून जात न्हाई, अन् अशिलाला तरास. मी भल्याभल्यांचा ताबा काढलाय. ह्याला बेदखल केल्याबिगर मरनार न्हाई."

"साणं मोठं करा की," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की मी न शिकलेलं सगळं त्यांना एकदम दिसलं असावं. "तसं नसतंय, वैनी. आधी सुनावनी. मग निकाल."

सुनावणी वर्षभर चालली. कोर्टाच्या मानानं फारच झटपट म्हणायची.

पहिली हजर झाली ती निर्धूर चूल. ग्रामसेविकाबाईंनी चावडीपुढं मातीची एक चूल बांधून दाखवली होती. धूर आतल्या आत बोगद्यातून जातो आणि नळीवाटे घराबाहेर पडतो. नानांनी ती हुबेहूब घरी बांधली. फक्त नळी कोणत्या बाजूला काढायची, हा बारीकसा निर्णय त्यांनी कुणाला न विचारता घेतला. नळी निघाली ती थेट माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. पहिल्याच दिवशी त्यांची भाकर झाली आणि माझी पोळी काळी. मी तरातरा गेले. नाना ओट्यावर समाधानानं बसले होते.

"नाना, तुमचा सगळा धूर माझ्या घरात येतोय!"

"व्हय. ती केस तुमच्याकडं वर्ग झाली," ते शांतपणे म्हणाले. "आता तुमी बघा."

मी काय बघितलं ते इथं सांगत नाही. पण त्याच दुपारी नळीच्या तोंडात चिखलाचा बोळा बसला, आणि नळीचं काम कायमचं निकालात निघालं. नाना पुढं कितीतरी दिवस माझा उल्लेख 'अपिलात गेलेली पार्टी' असा करत होते.

मग आला रॉकेलचा स्टोव्ह. तो आक्कांनीच फेटाळला. आधी रॉकेलसाठी रांगेत उभं राहायचं आणि मग पंप मारत बसायचं, आणि एवढं करून भाकरी फुगेना. "तव्यावरची भाकर आरावर शेकल्याबिगर ती भाकर व्हती का?" त्या म्हणाल्या, आणि स्टोव्ह फळीवर गेला. माझ्या लक्षात आलं होतं की बाकी कशालाही मान डोलावणाऱ्या आक्का चूल सोडायचं म्हटलं की अडून बसतात. मी मनात म्हटलं, बाईमाणसाची खोड. एवढ्यानं डोळे वाचत असते तर मी चुलीचं तोंडही पाहिलं नसतं.

त्यानंतर टेबलफॅन. नानांनी कुठल्याशा सोयऱ्याकडून तो मागून आणला आणि खिडकीत ठेवला, तोंड बाहेर करून. आता धूर पंख्यातून बाहेर जाणार, असा त्यांचा हिशेब. आक्कांनी चूल पेटवली, नानांनी आरोळी दिली, बटण दाबलं. पंख्याचं तोंड बाहेर होतं खरं, पण खिडकीच झाप मोडून अर्धी मिटलेली. वारा झापेवर आपटून उलटा फिरला आणि चुलीतली राख, परातीतलं पीठ आणि टोपलीतल्या लसणाची सालं यांना घेऊन घरभर फिरला. नाना बाहेर आले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. फक्त पितळी बटणं चमकत होती.

"काय झालं, नाना?" मी अगदी काळजीनं विचारलं.

"प्रतिवादी हिंसक हाय," ते म्हणाले, आणि शिंकले.

शेवटी कुणीतरी सांगितलं, नगरच्या थिएटरात बिड्यांचा धूर ओढून बाहेर फेकणारा पंखा असतो, त्याला एक्झॉस्ट म्हणतात. नाना दुसऱ्याच दिवशी यष्टीनं नगरला गेले. आमचे हे कामानिमित्त जाणारच होते, म्हणून त्या दुकानातलं सगळं मला कळलं. ह्यांनी ते चक्क चार वाक्यांत सांगितलं, यावरून प्रसंग काय असेल ते ओळखा.

नानांना जन्मभर इंग्रजी येत होतं ते कोर्टातलं. त्यामुळे यष्टीत बसून बसून शब्दानं वाटेत वळण घेतलं आणि दुकानात जाऊन ते म्हणाले, "मला एक्झिबिट पंखा पाहिजे."

दुकानदार म्हणाला, "आजोबा, इथं मांडलेलं सगळंच एक्झिबिट आहे." आणि त्यानं शोकेसमधला गुलाबी पात्यांचा एक पंखा काढून पुढं ठेवला.

"ह्यो आत वारा सोडतोय. मला भाईर काढनारा पाहिजे. साक्षीदाराला भाईर काढत्यात तसा."

खरा पंखा पुढं आल्यावर उलटतपासणी सुरू झाली. "ह्यो धूर नेतो कुठं?" "बाहेर." "भाईर म्हंजी कुनाच्या हद्दीत?" दुकानदार गांगरला. "बोला की. आमच्या शेजारी एक बाई हाय, लगेच अपिलात जाती." आमच्या ह्यांनी तिथं तोंड फिरवून रस्त्याकडं पाहिलं म्हणे. बायकोची बाजू घ्यायची एवढी संधी पुन्हा मिळाली नसती.

एवढं होऊन पंखा आला. मागच्या भिंतीत, बोळाच्या बाजूला, गोल भोक पाडून बसवला. आणि मग नानांनी पंचनामा ठेवला. धुराचा ताबा सुटल्याचा पंचनामा! पंच म्हणून आमचे हे आणि समोरचा शिंपी. मी 'हितसंबंधी पार्टी' म्हणून. नानांनी मुद्दाम ओल्यातली ओली बाभूळ चुलीत घातली, दारात उभं राहून तीनदा पुकारा केला, आणि बटण दाबलं. घुर्र करून पातं फिरलं. धूर उठला, घटकाभर घुटमळला आणि मुकाट्यानं भोकातून चालता झाला. खरंच गेला! मी इतकी टवाळी केली होती, पण कबूल करते, मीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

"बेदखल!" नाना ओरडले. त्यांच्या कोटाची सगळी बटणं त्या दिवशी जरा जास्तच ताणलेली होती.

आक्कांनी पंचांसाठी कांदाभजी तळली. पहिल्यांदाच त्या स्वच्छ हवेत बसल्या होत्या. नाना वाकून त्यांच्या डोळ्यांकडं बघायला गेले, आणि थबकले. डोळ्यांतून पाणी घळाघळा येत होतं.

"आता काय? धूर कुठाय?"

"कांदा चिरला न्हवं का," आक्का म्हणाल्या.

ते पटण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी मिरची होती. तिसऱ्या दिवशी काही नव्हतं, तर आक्का म्हणाल्या, झोप झाली न्हाई. नाना पंख्याची जाळी काढून पुसू लागले, पात्यांना तेल घालू लागले, दारात उभे राहून नाकानं हवा हुंगू लागले. धूर नव्हता. पाणी होतं. आमच्याशी बोलताना पहिल्यांदा त्यांचा आवाज उतरला. "वैनी, डाक्टर म्हनला व्हता धूर गेला की पानी थांबंल. मग आता डोळंच गेलं का वो तिचं?"

याच सुमाराला आक्का दुपारच्या माझ्याकडं यायला लागल्या. "जरा बसते तुमच्या चुलीम्होरं," म्हणायच्या. माझं रॉकेल संपलेलं, मीही बाभळीच फुंकत होते. त्या येऊन पाटावर बसायच्या, माझ्या धुरात. पदर डोळ्यांना. मी म्हटलं, "आक्का, घरी एवढा राजेशाही पंखा, आणि तुम्ही माझ्या धुरात येऊन बसता? नानांनी ऐकलं तर माझ्यावर जप्ती आणतील."

त्या हसल्या. मग एकदम म्हणाल्या, "त्यांनी माझा धूरच न्हेला, वैनी."

मला कळेना. त्यांनी फुंकणी उचलली, खाली ठेवली, आणि बोलायला लागल्या. त्यांना एक मुलगी होती. सुली. शाळेत जायला लागली होती, आणि तापात गेली. तेराव्याचं जेवण उरकलं, पाव्हणे गेले, आणि नाना कोट घालून घराच्या मधोमध उभे राहिले. म्हणाले, आजपासून या घरात रडायला मनाई. मनाई हुकूम. मोडला तर माझ्याशी गाठ आहे.

"मग?"

"मग काय. हुकूम त्यो हुकूम. पर चुलीम्होरं कोन इचारतंय? डोळ्यात धूर गेला म्हनायचं. सैपाकाच्या टायमाला रोज तेवढं माझं मी मोकळं व्हयाचं. कुनाला कळलं न्हाई, इतकी वरसं." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "आता तितं बसलं की घुर्र. लख्ख उजेड. रडावं कसं सांगा."

मी चुलीत आणखी एक ओली फांदी सारली.

दुसऱ्या दुपारी नाना माझ्या दारात. कोट, बटणं, सगळं. आक्का आत बसलेल्या. नानांनी माझ्या स्वयंपाकघरात मान घातली, छताकडं पाहिलं, चुलीकडं पाहिलं आणि विजयानं म्हणाले, "सापडला! वैनी, तुमच्या घरातला धूर आमच्या अशिलाला तरास देतोय. डोळ्याचं कारन हितं हाय. सायबांना सांगा, भिंतीला भोक पाडा. पंखा मी आनून देतो. तोंडी नोटीस समजा."

आणि माझा संतापच झाला. वर्षभराची राख, पीठ, नळीचा धूर, सगळं एकदम वर आलं. मी दारातच त्यांना धरलं.

"नाना, पंखे पुरे झाले! त्या बाईच्या डोळ्यांना धूर होत नाही. त्या रडतात. तुम्ही मनाई हुकूम काढलात ना सुली गेली तेव्हा? मग कुठं रडायचं त्यांनी? चुलीपुढं! तीही जागा तुम्ही यंत्र लावून उडवलीत. घ्या आता पंचनामा!"

नाना उभेच राहिले. माझ्यामागं आक्कांनी फुंकणी घट्ट धरलेली. नानांचा हात कोटाच्या वरच्या बटणाकडं गेला, ते काढावं की लावावं हे त्याला कळेना.

"त्यो हुकूम... चालू हाय अजून?" त्यांनी आक्कांना विचारलं.

"तुमी उठवलाच न्हाई," आक्का म्हणाल्या.

"मला वाटलं तुला जमलं." आवाज इतका बारीक की मला पुढं सरकावं लागलं. "मलाच जमंना म्हनून काढला व्हता त्यो. तू रडाय लागली की माझं काय खरं नव्हतं." आणि कुठलाही कायदा न लावता ते घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरोळी आली नाही. मी साखरेचा डबा हातात धरून वाट बघत राहिले. आरोळीऐवजी बाहेर गलका झाला. "आग! आग!" नानांच्या घरातून धुराचे लोट येत होते. शिंपी बादली घेऊन धावला, आमचे हे अर्ध्या दाढीनं धावले. दारात नाना आडवे हात लावून उभे. तोंड काळं, डोळे लाल, आणि अंगात कोट नाही! मी त्यांना पहिल्यांदाच नुसत्या बंडीत पाहत होते. एवढीशी छाती होती त्या माणसाची.

"आग न्हाई. सुनावनी चालूय. जावा घरी," ते म्हणाले आणि खोकले. लोक हसत, वेडा म्हणत पांगले.

मी मागच्या दारानं आत शिरले. पंखा बंद. आणि पंख्याच्या भोकात गच्च कोंबलेला तो खाकी कोट. एक पितळी बटण तेवढं बाहेर दिसत होतं, काजळी धरलेलं. चुलीत ओली बाभूळ धुमसत होती आणि तिच्यापुढं आक्का बसून रडत होत्या. पदर डोळ्यांना नव्हता. तोंड उघडं टाकून, आवाज काढून, लेकराचं नाव घेऊन रडत होत्या.

नाना आत आले आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"राती हुकूम उठवला, वैनी," ते मला म्हणाले. "म्हनलं रड. पर तिला येईना उघड्यावर. सवयच गेली. म्हनलं मग आजच्यापुरता धूर तर धूर. उद्या पंखा लावतो, अन् ती खुशाल अंगनात बसून रडू दे."

मग त्यांनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि धुराकडं बघत राहिले.

"सुलीच म्हनायची. हितं बसायची, आईच्या मांडीशी. मी कामावरनं आलो की म्हनायची, नाना, तुमी समद्यांना पकडून न्हेता, मग ह्या धुराला पकडा की. आईच्या डोळ्यात जातोय. मी दारातनं तिच्यासाठी पुकारा करायचो, धूर वल्द चूल हाजिर है, अन् ती खदाखदा हसायची." त्यांनी मनगटानं डोळे पुसले, आणि काजळी गालभर पसरली. "इतकी वरसं पकडत व्हतो तिच्यासाठी. पकडला एकदाचा. अन् ह्यो बघा, सोडून दिला."

आक्कांनी त्यांचा हात धरला. माझ्यासमोर.

मला काहीतरी टोचून बोलायचं होतं. जुनी सवय. ताबा, जप्ती, अपील, सगळे शब्द जिभेवर तयार होते. पण खरं सांगते, बोलता येईना. धूर फार होता.